शेवंतीच्या टोपल्या आणि एक छप्पर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी मजकडे इतिहासविषयक लेख मागितला. जोतीरावांच्या गोऱ्हे घराण्यास ‘फुले’ हे नाव पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून पडले, हे आपल्या समाजातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तेव्हा तेच पुन्हा न उगाळता, फुलांच्याच धंद्याची परंतु सातासमुद्रापलीकडील एक हकिकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे. त्यास कारण मात्र घरगुती आहे.

माझे वडील सव्वा एकरात शेवंती व झेंडू लावीत. मोसमात रात्री टोपल्या भरावयाच्या, पहाटेच्या यष्टीच्या टपावर चढवावयाच्या, आणि पुण्याच्या आडत्याकडून मागाहून येणाऱ्या पट्टीची वाट पाहावयाची, हा आमचा क्रम. आडत, हमाली, तोलाई वजा जाता हाती काय उरे, ते न लिहिलेले बरे. आळीतील सहा घरांचा माल त्याच आडत्याकडे जाई. परंतु आपणास काय भाव मिळाला हे एकमेकांपासून लपविण्यात सारेच पटाईत होते. एके वर्षी सहाही घरांनी माल एकत्र करून विकावयाचे ठरविले. तो बेत अकरा दिवस टिकला. कोणाची फुले टपोरी आणि कोणाची बारीक, एका भावात दोन्ही का घालावीत, यावरून तंटा झाला व धाकटे चुलते वडिलांशी पुढे चार वर्षे बोलले नाहीत.

इ. स. 2019 साली पुतण्याकडे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे राहण्याचा योग आला, तेव्हा तेथील घाऊक फुलबाजार पाहिला. फुलांच्या दुकानदारांसाठी तो मध्यरात्रीनंतर उघडे. आमच्यासारख्या सामान्य माणसास दहा वाजल्यानंतर प्रवेश. म्हणजे आम्ही पोहोचलो तेव्हा उत्तम माल निघून गेलेला होता. तरीही ओल्या देठांचा तो वास नाकात शिरताच आमची आळी आठवली. तेथूनच या बाजाराच्या इतिहासाची गोडी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानातून कॅलिफोर्नियात गेलेल्यांपैकी काहींनी खाडीपलीकडील ओकलंडच्या बाजूस काचघरे बांधून फुलशेती आरंभिली. डोमोटो बंधू हे त्यांतील आद्य होत. गुलाब, कार्नेशन आणि विशेषेकरून शेवंती हा त्यांचा माल. शेवंती ही जपानच्या राजघराण्याचे चिन्ह. त्या फुलाची मशागत ही मंडळी घरूनच शिकून आलेली. माल नावेने खाडी ओलांडून शहरात आणावयाचा आणि मार्केट स्ट्रीटवरील ‘लोटा’च्या कारंज्यापाशी उघड्यावर विकावयाचा, अशी आरंभीची रीत होती. उघड्यावर बसलेल्या माणसाचे फूल तासागणिक सुकते आणि गिऱ्हाईक ते जाणून असते. दुपारच्या भावाविषयी आपल्या वाचकांस सांगण्याची गरज नाही.

पुढे 1912 साली या जपानी उत्पादकांनी रीतसर भागभांडवलाची संस्था नोंदविली; नाव ‘कॅलिफोर्निया फ्लॉवर मार्केट’. या संस्थेची रचना मला फार विचार करण्याजोगी वाटली. या लोकांनी फुले एकत्र केली नाहीत, जागा एकत्र केली. छप्पर, भाडे, वेळ व नियम सर्वांचे. परंतु मेज ज्याचे त्याचे, माल ज्याचा त्याचा आणि भावही ज्याचा त्याचा. शहरातील फुलवाल्यास एकाच ठिकाणी सारा माल पाहावयास मिळे, म्हणून तो रोज येई. आणि तो रोज येई म्हणून लहान मळेवाल्यासही गिऱ्हाईक निश्चित असे. टपोऱ्या व बारीक फुलांचा आमच्या आळीतला तंटा येथे उद्भवण्याचे कारणच नव्हते. आमच्या वडीलधाऱ्यांना हे सुचले नाही याचे वाईट वाटते. पण पुण्यात जागेचे भाडे भरण्याची ऐपत सहा घरांत मिळूनही नव्हती, हेही खरे.

संस्था निघाली आणि दुसऱ्याच वर्षी, 1913 साली, कॅलिफोर्नियाने परकीयांच्या जमीनधारणेविरुद्ध कायदा केला. ज्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळणेच शक्य नाही, अशांना शेतजमीन विकत घेण्यास त्याने मनाई झाली. जपान्यांना ते मिळत नव्हते. 1920 साली खंडाने जमीन घेण्याची वाटही बंद झाली. तेव्हा अनेकांनी अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून जन्मतः नागरिक ठरलेल्या आपल्या लेकरांच्या नावे जमिनी घेतल्या. पाळण्यातील मूल कागदोपत्री मळ्याचे धनी, आणि बाप त्याच मळ्यावरचा गडी!

ही संस्था एका समाजाची होती हे उघड आहे. मात्र त्याच शहरात इटालियन फुलवाल्यांची वेगळी संस्था होती, चिनी मळेवाल्यांचीही वेगळी होती, आणि या तिघांचा माल एकाच बाजारात शेजारी शेजारी मांडला जाई. आपल्या ज्ञातिसंस्थांच्या बैठकांत कोणास आत घ्यावे व कोणास नाही यावर जितका वेळ जातो, तितका तेथे गेला असता तर फुले मेजावरच सुकली असती. असो.

7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. 19 फेब्रुवारी 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची आज्ञा निघाली, आणि तिच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडावी लागली. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील लोकांना आरंभी टॅनफोरान येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नेले. तेथे तबेल्यांतून कुटुंबे राहिली. पुढे अनेकांची रवानगी युटाच्या वाळवंटातील टोपाझ छावणीत झाली. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तेथे मातृदिन असतो. फुलवाल्याच्या दृष्टीने तो आपल्याकडील दसऱ्यासारखा. नेमक्या त्याच एप्रिल-मेमध्ये, काचघरे भरलेली असताना, हातात मावेल तेवढे सामान घेऊन या माणसांना निघावे लागले.

परत आल्यावर कित्येकांना मळे उजाड आढळले. रिचमंड गावी मात्र एका स्विस वंशाच्या फुलवाल्या कुटुंबाने आपल्या जपानी शेजाऱ्याची काचघरे युद्धकाळभर सांभाळून ती त्यास परत केली. ज्याचा माल रोज आपल्या मालाशी स्पर्धा करी, त्याचीच झाडे जगविली! हे वाचताना मला आमचे चुलते आठवले, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर वडीलही आठवले.

जमीनधारणेचा तो कायदा 1952 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. त्याच वर्षी जपान्यांना नागरिकत्वही खुले झाले. 1956 साली बाजार सहावा रस्ता व ब्रॅनन रस्ता यांच्या कोपऱ्यावरील नव्या जागेत गेला. मी पाहिला तो हाच.

त्यानंतरचा घाव कायद्याच्या भाषेत आला नाही. 1991 साली अमेरिकेने कोलंबियादी देशांच्या मालास जकातीत सवलत दिली आणि विमानातून उतरणारा स्वस्त गुलाब व कार्नेशन देशभर पसरले. खाडीकाठची काचघरे एकामागून एक मोडली. त्या जमिनींवर घरे उठली. बाजाराची जागाही विकली गेली आणि 2025 च्या आरंभी तो शहरातच दुसऱ्या ठिकाणी हलला. मी गेलो तेव्हा एका मेजावरील पांढरी शेवंती पाहून, ही कोठल्या मळ्याची, असे पुतण्याकरवी विचारले होते. विक्रेत्याने खोका फिरवून वरची चिठ्ठी दाखविली. तीवर कोलंबिया असे लिहिले होते.

उत्तरेकडील सिॲटल शहरात मात्र 2011 साली लहान फुलमळेवाल्यांनी पुन्हा सहकारी घाऊक बाजार काढला. त्यात अलास्कासारख्या थंड प्रदेशातूनही माल येतो. इतरत्र पिऑनीचा बहर सरल्यावर जुलै-ऑगस्टात तेथे ती फुलते, आणि त्या दिवसांत दुकानदार तीसाठी थांबून राहतात.