शिवी आणि सामाजिक प्रतिष्ठा

शिवी म्हणजे समोरच्याचा अपमान करण्यासाठी, राग किंवा वेदना मोकळी करण्यासाठी अथवा सलगी दाखवण्यासाठी वापरला जाणारा, शिष्टसंमत भाषेने निषिद्ध ठरवलेला शब्द वा शब्दप्रयोग होय. शिवी देणाऱ्याची प्रतिष्ठा उणावते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि मराठी समाजाच्या इतिहासात शिवी राजाज्ञेचा, सणाचा आणि साहित्याचाही भाग राहिलेली आहे. शिवीने प्रतिष्ठा वाढते की घटते, हे शब्दापेक्षा तो कोणी, कोणाला, कोठे आणि कोणाच्या देखत उच्चारला यावर अधिक अवलंबून असते. ज्याच्याकडे प्रतिष्ठा आधीपासून आहे त्याची शिवी 'फटकळपणा' म्हणून खपते. ज्याच्याकडे ती नाही त्याच्या तोंडचा तोच शब्द त्याच्या घराण्याचा, जातीचा किंवा गावाचा दोष मानला जातो.

राजाज्ञेतील शिवी

उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, येथे होती. शिलाहारांच्या आणि पुढे यादवांच्या काळात दिलेल्या दानांच्या शिळांवर 'गधेगाळ' नावाचा प्रकार आढळतो. 'गाळ' म्हणजे शिवी. गधेगाळ म्हणजे गाढवाची शिवी. शिळेच्या वरच्या भागात चंद्र व सूर्य, मध्ये दानलेख आणि खाली स्त्री व गाढव यांचे शिल्प, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. चंद्रसूर्य असेपर्यंत दान टिकावे, असा वरच्या चिन्हांचा अर्थ आहे. जो दान मोडेल त्याच्या आईची विटंबना होईल, असा खालच्या शिल्पाचा अर्थ आहे.

मुंबईत परळ येथे सापडलेला अपरादित्याच्या काळातील शिलालेख (शके ११०८, इ.स. ११८७) या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचा दानविषयक मजकूर संस्कृतात असून शेवटची शापवाणी मात्र मराठीत आहे. दानाचा तपशील विद्वानांना कळला तरी पुरे, पण धमकी गावातल्या प्रत्येकाला कळली पाहिजे, असा हिशेब त्यामागे दिसतो. मराठीच्या आरंभीच्या कोरीव नमुन्यांत एका आईवरच्या शिवीचा समावेश व्हावा, ही गोष्ट भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांना अवघड वाटते आणि पाठ्यपुस्तकांतून ती सहसा गाळली जाते. ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळच्या लोनाड परिसरातही गधेगाळ आढळला आहे. शिवी कोरल्याने राजाची प्रतिष्ठा कमी झाली, असे समकालीनांना वाटल्याचे दिसत नाही. तिचा भार पडला तो गुन्हा न केलेल्या आईवर.

सणातील शिवी

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या गावांमध्ये नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी 'बोरीचा बार' भरतो. दोन गावांमधून वाहणाऱ्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर बायका जमतात आणि हातवारे करीत, टाळ्या वाजवीत परस्परांना शिव्या देतात. वाद्ये वाजत असतात, बघ्यांची गर्दी होते आणि बायकांनी ओढा ओलांडून एकमेकींना भिडू नये म्हणून बंदोबस्त ठेवला जातो. एका पाटलाच्या दोन बायकांच्या भांडणातून ही प्रथा सुरू झाली, अशी आख्यायिका सांगितली जाते. येथे लक्षात घ्यावे असे की, शिवी दिल्याबद्दल एरवी ज्यांना सासरमाहेर दोन्हीकडून बोलणी बसतील, त्या स्त्रियांना त्या दिवशी शिवी देण्याचाच मान असतो. बार संपला की शिवीही संपते आणि तिचे वैर घरी नेले जात नाही, असा संकेत आहे.

शिमग्यातील बोंब ही याच प्रकारची, पण प्रामुख्याने पुरुषांची सवलत होय. 'शिमगा करणे' हा वाक्प्रचार जाहीर आरडाओरडीसाठी रूढ झाला, आणि 'शिमगा गेला तरी कवित्व उरते' या म्हणीने या सवलतीची मुदतही सांगून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांना शिमग्यातील अश्लीलता लाजिरवाणी वाटत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत होळीच्या दिवसांत तरुणांना गाणी, खेळ व व्याख्याने यांकडे वळवण्यासाठी होलिका संमेलने भरवली गेली. शिष्ट मध्यमवर्गाची ओळख घडण्याच्या काळात तोंडाची शुद्धता ही त्या ओळखीची एक खूण बनली, असे म्हणता येईल.

ठाणे परिसरातील बोली

कोलशेत, बाळकुम, ढोकाळी, माजिवडे ही ठाणे शहरात सामावलेली जुनी गावे होत. या गावठाणांत, तसेच कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील अनेक गावांत आगरी व कोळी समाजांची मोठी वस्ती आहे. कोलशेत रस्त्यालगत आधी कारखाने आले आणि नंतर उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळे बोली बोलणारे आणि प्रमाण मराठी बोलणारे एकाच रिक्षाथांब्यावर, एकाच शाळेत एकत्र आले.

आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' व 'ण'चा 'न' होतो. वडीलधाऱ्यांनाही एकवचनी संबोधन करण्याची रीत तीत आहे. ज्याला 'अहो-जाहो'ची सवय आहे त्याला हे एकेरी बोलणे उद्धट वाटते, आणि उद्धट वाटलेले बोलणे लवकरच 'शिवराळ' ठरते. प्रत्यक्षात तेथे शिवी असतेच असे नाही. जिथे असते तिथेही मित्रांतील सलगीची शिवी आणि भांडणातील शिवी यांचा सूर वेगळा असतो व तो घरच्यांना बरोबर कळतो. परक्याला मात्र दोन्ही सारख्याच ऐकू येतात. म्हणून गावठाणातील मुले अनेकदा दोन भाषा सांभाळतात, एक घरची आणि एक मुलाखतीची.

समाजभाषाविज्ञानात या स्थितीसाठी 'छुपी प्रतिष्ठा' ही संकल्पना वापरतात. अमेरिकी अभ्यासक विल्यम लबाव यांनी ती मांडली आणि पीटर ट्रडगिल यांनी १९७२मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच शहराच्या अभ्यासात ती तपासली. अधिकृतपणे कमी लेखलेली भाषा आपल्या गटात मात्र खरेपणाची, मर्दानगीची व निष्ठेची खूण ठरते, असे ते सुचवते. अर्थात ही प्रतिष्ठा गटाच्या वेशीबाहेर चालत नाही.

संशोधन

शिव्यांविषयीच्या प्रयोगांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. कोरी शेरर व ब्रॅड सॅगरिन यांना २००६मध्ये असे आढळले की, भाषणाच्या आरंभी किंवा शेवटी एखादा सौम्य अपशब्द आला तर वक्त्याची तळमळ अधिक जाणवते आणि भाषण अधिक पटते. येहुदा बारूख व स्टुअर्ट जेंकिन्स यांनी २००७मध्ये ब्रिटनमधील कामाच्या ठिकाणांचा अभ्यास केला. खालच्या स्तरावरील कर्मचाऱ्यांत शिवी एकोपा टिकवते व ताण हलका करते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला शब्द सुचत नाहीत तो शिव्या देतो, हा समज क्रिस्टिन जे व टिमोथी जे यांच्या २०१५च्या अभ्यासाने खोडून काढला. निषिद्ध शब्द झरझर आठवणाऱ्यांचा इतर शब्दांवरील ताबाही चांगला असल्याचे त्यांना दिसले. याउलट मेलनी डीफ्रँक व पॅट्रिशिया काल्बॉ यांच्या २०१९च्या अभ्यासात शिव्या वापरणाऱ्याविषयी ऐकणाऱ्यांचे मत खालावलेले आढळले. हे प्रयोग मुख्यतः इंग्रजी भाषकांवरचे आहेत. जात आणि आईबहीण यांभोवती फिरणाऱ्या मराठी शिवीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

जात, स्त्री आणि शिवी

मराठीतील अनेक शिव्या म्हणजे मुळात कोणाची तरी ओळख आहे. वैधव्य, केशवपन, दासीपण, जातीचे नाव या गोष्टी स्वतःच शिव्या झाल्या. 'भामटा' हा शब्द आज लबाड माणसासाठी सहज वापरला जातो, पण ते एका समाजाचेही नाव असून महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आहे. १८७१पासून गुन्हेगार जमातींविषयी झालेल्या कायद्यांनी अशा समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, शब्दाचा अर्थ मात्र रद्द झाला नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो आजही निर्धास्तपणे छापला जातो.

पुरुषांच्या भांडणात घेतली जाणारी नावे बहुधा तेथे हजर नसलेल्या स्त्रियांची असतात, हे गधेगाळापासून फारसे बदललेले नाही. स्त्रीने शिवी दिल्यास तिच्या चारित्र्याबद्दल बोलले जाते. पुरुषाने दिल्यास त्याच्या रागाबद्दल.

कायदा

सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारून इतरांना त्रास देणे हा भारतीय दंडसंहितेच्या कलम २९४खाली, तर शांतताभंग घडावा म्हणून हेतुपुरस्सर अपमान करणे हा कलम ५०४खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांच्या जागी अनुक्रमे कलम २९६ व ३५२ आहेत. मात्र केवळ शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ याची दृष्टी वेगळी आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम ३(१)मधील दोन उपकलमे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर केलेला हेतुपुरस्सर अपमान आणि जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ यांना गुन्हा ठरवतात. 'लोकांच्या नजरेसमोर' ही अट कळीची आहे. चार भिंतींच्या आत, कोणी त्रयस्थ नसताना झालेले बोलणे या तरतुदीत बसत नाही, असे २०२०मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. अपमानाला साक्षीदार लागतो, हे कायद्याने अशा रीतीने मान्य केले आहे. परंतु ज्या शेतावर वा घरात साक्षीदार सगळे मालकाचेच असतात, तेथे ही अट तक्रारदाराला महाग पडते.

साहित्य व रंगभूमी

१९७२ हे वर्ष मराठी साहित्यातील शिवीच्या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आले आणि त्याचा परीनिरीक्षण मंडळाशी झालेला झगडा न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. मुंबईच्या वेश्यावस्तीतील शब्द त्यांनी कवितेत आणले, तेव्हा पांढरपेशा वाचकाला आपल्याच भाषेतले अनेक शब्द अनोळखी निघाले. ढसाळांना पुढे १९९९मध्ये पद्मश्री मिळाली. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण' (१९८०) या नाटकाने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने मालवणी बोली तिच्या इरसाल शिव्यांसह व्यावसायिक रंगभूमीवर मानाने उभी केली. अ. द. मराठे यांनी 'मराठी भाषेतील असभ्य म्हणी आणि वाक्प्रचार' हा संग्रह सिद्ध करून कोशकारांनी टाळलेला ऐवज नोंदवला.

या स्वातंत्र्याची सीमा वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या खटल्यात दिसली. १९९४मध्ये ती एका बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात छापली गेल्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मे २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफी मागितलेल्या प्रकाशक व मुद्रकाला वगळले, परंतु कवीविरुद्धचा आरोप कायम ठेवला. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातल्यास अश्लीलतेची कसोटी अधिक कडक होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते.