स्वतःच्या विमानाचा मेंटेनन्स स्वतः करावा का?

बाईकचं ऑइल बदलणं, लॅपटॉपची रॅम वाढवणं अशी कामं आपल्यापैकी बरेच जण व्हिडिओ बघून घरीच करतात. पण तुमच्याकडे चार सीटचं विमान असेल तर? अमेरिकेत सेस्ना १७२ सारखी छोटी विमानं अनेक जणांच्या खासगी मालकीची आहेत. त्यातली बरीच १९६०-७० च्या दशकातली, म्हणजे खर्च सतत चालूच. मग मालकाने स्वतः पाना हातात घ्यावा का? माझं मत: घ्यावा, पण प्रत्येक कामासाठी नाही.

नियम काय सांगतो?

एफएए ही तिथली विमान वाहतुकीचे नियम ठरवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमावलीच्या भाग ४३ मध्ये ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’ नावाची सुमारे तीस कामांची यादी आहे. विमान प्रवासी वाहतुकीच्या धंद्यात नसेल आणि मालकाकडे पायलटचं सर्टिफिकेट असेल, तर ही कामं तो स्वतः करू शकतो. नुसतं मालक असून भागत नाही. यादीतली काही कामं:

- टायर काढणं आणि बसवणं
- स्पार्क प्लग साफ करणं, बदलणं, गॅप सेट करणं
- ऑइल फिल्टर आणि बॅटरी बदलणं
- लँडिंग लाइटचा बल्ब बदलणं

काम झालं की लॉगबुकमध्ये काय केलं ते लिहायचं. सोबत तारीख, सही आणि सर्टिफिकेट नंबर. यादीबाहेरचं काम मात्र सर्टिफाइड मेकॅनिकचं. कामाच्या अनुभवावर हे सर्टिफिकेट मिळवायचं तर विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींसाठी मिळून ३० महिन्यांचा अनुभव लागतो. शिवाय दर १२ महिन्यांनी विमानाची पूर्ण तपासणी होते. ती करायला मेकॅनिककडे वेगळा अधिकार लागतो.

रेषा तिथेच का?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे: चूक झाली तर ती कुठे कळेल, जमिनीवर की हवेत?

बॅटरीची वायर सैल राहिली तर बहुतेक वेळा इंजिन सुरूच होत नाही. फिल्टर बदलल्यावर इंजिन जमिनीवर चालवून गळती बघता येते. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो. उड्डाणाआधी पायलट एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. प्लग खराब असेल तर आरपीएम जास्त पडतो आणि लगेच कळतं.

आता पंखावरच्या एलेरॉनची केबल उलटी जोडली गेली असं समजा. विमान डावीकडे कलवायला जाल आणि ते उजवीकडे कलेल. अशा चुका सर्टिफाइड मेकॅनिककडूनही झालेल्या आहेत. म्हणून इथे दुसऱ्या माणसाची नजर हवीच. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये कोड रिव्ह्यू करतो तो याचसाठी: स्वतःचा कोड वाचताना आपल्याला काय लिहिलंय ते दिसत नाही, काय लिहायचं होतं ते दिसतं. पण आमचं अपडेट फसलं तर जुनं व्हर्जन परत टाकता येतं. हवेत ती सोय नाही.

मग सगळंच मेकॅनिकवर सोडलं तर?

तेही बरोबर नाही. विमान उडण्यायोग्य ठेवण्याची मुख्य जबाबदारी एफएएने मालकावर किंवा ऑपरेटरवरच टाकली आहे. ज्याने स्वतः काऊल उघडून फिल्टर बदललाय, त्याला नवा ऑइलचा डाग पटकन दिसतो. मेकॅनिकच्या देखरेखीखाली मालक मोठ्या कामातही हात घालू शकतो, सही मेकॅनिकची. शिकण्यासाठी मला हाच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो.

आणखी दोन पर्याय

मुंबईच्या अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर बांधलेलं विमान तुम्हाला आठवत असेल. अशा स्वतः बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचं सर्टिफिकेट अमेरिकेत बांधणाऱ्यालाच मिळू शकतं, कारण त्याला आतला प्रत्येक भाग माहीत असतो.

कॅनडात ‘ओनर-मेंटेनन्स’ नावाचा गट आहे. जुन्या, साध्या विमानाचा पायलट-मालक जवळपास सगळी कामं करून स्वतःच सही करू शकतो. पण असं विमान अमेरिकेत उडवायला परवानगी नाही आणि ते पुन्हा नेहमीच्या गटात आणणं अवघड असतं. पैसे वाचतात, पण दुसरी नजर जाते. मी हा पर्याय निवडणार नाही.

विमान नसलं तरी हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे. बाईकची चेन स्वतः साफ करा, पण ब्रेक खोलला असेल तर रस्त्यावर काढण्याआधी जाणकार माणसाला दाखवा.