नाव झाकलेली उत्तरपत्रिका

बी.ए.ला मी मराठी हा विशेष विषय घेतला, तेव्हा मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना नवल वाटलं आणि वर्गातल्या काही मित्रांनाही. ‘तुला जमेल का?’ हा प्रश्न दोन्हीकडून आला. उत्तरपत्रिकेवर मात्र माझं नाव नव्हतं, होता तो फक्त आसन क्रमांक. ती तपासली कुणा अनोळखी प्राध्यापकांनी. माझ्या घरात कोणती भाषा बोलतात, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. म्हणूनच मिळालेले गुण मला खरे माझे वाटले.

हा परका परीक्षक आला कुठून? इंग्लंडात १८३२ साली डरहॅमला विद्यापीठ निघालं. नव्या विद्यापीठाच्या पदवीला मान कोण देणार? म्हणून तिथे परीक्षेला ऑक्सफर्डचे परीक्षक बोलावू लागले. १८३६ साली स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठानं तर कामाची वाटणीच केली. शिकवायचं महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठानं.

त्याच नमुन्यावर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठं उभी राहिली. मुंबई विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नसे. परीक्षा घेई आणि पदवी देई. १८६२ साली महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिल्या तुकडीत बी.ए. झाले, ते याच व्यवस्थेतून. पुढे १९०४ च्या कायद्यानं विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी करून दिली.

या पद्धतीत दोष नव्हते असं नाही. परीक्षेपुरतं शिकणं आणि घोकणं तिनंच वाढवलं. प्रात्यक्षिकाला आलेल्या बहिःस्थ परीक्षकांच्या चहाफराळाचीच धावपळ अधिक, हे दृश्यही आपल्या ओळखीचं आहे. शिवाय वर्षभराची मेहनत परक्याला तीन तासांच्या पेपरात कशी दिसणार?

आता स्वायत्त महाविद्यालयांत शिकवणारेच बऱ्याच अंशी गुणही देतात. त्याला माझा विरोध नाही. शिक्षक मुलाला ओळखतो, हे त्याचं बळच आहे. पण ओळखीला माया असते, तसा कधी आकसही असतो. ज्याच्यामागे कुणी नाही, त्या मुलाला न ओळखणाऱ्या माणसाचाच आधार वाटतो. म्हणून एक डोळा बाहेरचा हवा.

हल्ली मला कवितास्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावतात. संयोजकांना मी एकच विनंती करतो: कविता द्या, पण नावं झाकून द्या.