गच्चीवरची मागणी

"काका, आपल्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते हो?"

पुतण्याने असं विचारलं तेव्हा मी सवयीने म्हणालो, "का रे? टाकीचा व्हॉल्व्ह पुन्हा गेला काय?"

डोंबिवलीकराला गच्ची आठवते ती दोनच वेळा. पाणी आलं नाही की, आणि पाणी गळायला लागलं की. उन्हाळ्यात पापडांच्या वेळी आठवते ती बायकांना. पण चिरंजीवांना गच्ची हवी होती ती एका मुलीला लग्नाचं विचारण्यासाठी. संध्याकाळची वेळ, दिव्यांच्या माळा, फुलं, गिटार वाजवणारा एक मित्र आणि स्वतः एका गुडघ्यावर!

"गुडघ्यावर कशाला? दोन खुर्च्या ने की वर," आमची ही म्हणाली. तिचे स्वतःचे गुडघे गेली दहा वर्षं दुखताहेत.

आता मी पडलो इतिहासाचा निवृत्त मास्तर. मला कोणी किल्ली मागितली तरी मी आधी पार्श्वभूमी सांगतो. पुतण्याला समोर बसवलं आणि म्हटलं, "बाळा, मराठी मुलखातली सर्वांत गाजलेली मागणी मुलाने घातलेलीच नाही. ती घातली विदर्भाच्या रुक्मिणीने." कौंडिण्यपुराहून तिने ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णाला पत्र धाडलं. भागवतात ते सात श्लोकांत आहे. घरच्यांनी शिशुपाल ठरवलाय, मला तो नको, येऊन घेऊन जा, इतका स्वच्छ मजकूर! एकनाथांनी त्यावर 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं. आणि आपण त्याचं काय केलं? लग्न लांबलेल्या मुलींना त्या ग्रंथाची पारायणं करायला बसवलं! जिने स्वतः नवरा निवडला तिची गोष्ट वाचायची, ती कशासाठी, तर कोणीतरी येऊन आपल्याला पसंत करावं म्हणून.

"काका, किल्ली..." पुतण्या म्हणाला.

"थांब. आता कल्याणला येतो."

कल्याणला आगगाडी आली 1854 साली. त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे 1874 साली, कल्याणच्या जोश्यांच्या यमुनेला एक स्थळ आलं. नवरदेव गोपाळराव जोशी टपालखात्यात कारकून, बिजवर, मुलीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. मुलगी नऊ वर्षांची. या गृहस्थांनी लग्नाला अट घातली, मुलीला शिकवू दिलं पाहिजे. त्या काळात लोक हुंड्याची अट घालत, मानपानाची घालत. पाटी-पेन्सिलीची अट घालणारा जावई म्हणजे विक्षिप्तच. तीच यमुना पुढे आनंदीबाई झाली, 1883 साली एकटी अमेरिकेला गेली आणि 1886 साली फिलाडेल्फियातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. वर्षभरात, 1887 च्या फेब्रुवारीत, पुण्यात वारली. बाविशीसुद्धा गाठली नव्हती.

हा धडा मी तीस वर्षं शिकवला. गोपाळरावांच्या अटीपाशी आलो की आवाज चढवायचो. पण त्या दिवशी पुतण्यासमोर बोलता बोलता मीच थबकलो. अट घातली होती मुलीच्या वडिलांना! शिकणार होती यमुना, नांदणार होती यमुना, आणि बोलणी चालली होती दोन पुरुषांची. नऊ वर्षांच्या पोरीला कोण विचारतो?

त्याच पिढीतली मुंबईची रखमाबाई. लग्न अकराव्या वर्षी झालेलं. मोठी झाल्यावर तिने सासरी जायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. 1887 साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढच्या वर्षी नवऱ्याने पैसे घेऊन प्रकरण मिटवलं आणि ही विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. मुलीला आधी विचारायचं राहून गेलं की नंतर न्यायमूर्तींना विचारावं लागतं, ते असं.

"आणि तुम्ही काकूला कसं विचारलंत?" पुतण्याने विचारलं.

मी खाकरलो. आतल्या खोलीतून बांगड्यांचा आवाज यायचा थांबला.

साल 1978. त्या वर्षी सरकारने मुलीच्या लग्नाचं किमान वय पंधरावरून अठरा केलं. म्हणजे सरकारनेसुद्धा मुलींचा थोडाफार विचार केला होता. मी पोह्यांचा केला. लोकलच्या कृपेने एका रविवारी दोन-तीन मुली पाहून होत. सकाळी मुलुंडला पोहे, दुपारी ठाण्याला पोहे. ठाण्याला मासुंद्याच्या तळ्याजवळ हिचं घर. मी दोन बश्या खाल्ल्या. आईने हिला शिवण विचारलं, आत्याने गाणं विचारलं, मामांनी गोत्र विचारलं. घरी आल्यावर आईने मला विचारलं, "आवडली ना?" मी मान डोलावली. झालं लग्न! हिला गोत्रापासून गाण्यापर्यंत सगळं विचारलं, मी पसंत आहे का, एवढंच राहिलं.

किल्ली अर्थात सेक्रेटरींकडे होती. त्यांनी अर्ज मागितला. पुतण्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मागणी घालणे'. सेक्रेटरी भडकले. "कसली मागणी? पाण्याची असेल तर जनरल बॉडीत मांडा!" मग खुलासा झाला. त्यांनी थकलेला मेंटेनन्स भरून घेतला, वरच्या मजल्यावरच्या तिघांची ना-हरकत आणायला सांगितली आणि किल्ली दिली. मी मनात म्हटलं, लग्नाच्या बाबतीत शेजाऱ्यांचीही हरकत विचारणारी ही पहिलीच वेळ असेल.

ठरलेल्या संध्याकाळी वाळत घातलेल्या सतरंज्या काढल्या, माळा लागल्या. एकांत म्हणावा तर समोरच्या तीन इमारतींच्या खिडक्यांत माणसं दाटीने उभी. गिटारवाला मित्र टाकीआड. आम्ही दोघं जिन्यात, फ्यूज सांभाळायला. पुतण्या गुडघ्यावर बसला, विचारलं. मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "चार दिवस दे. विचार करून सांगते."

खिडक्या हिरमुसल्या. टाकीमागे एक तार चुकीची वाजली. पुतण्याचा चेहरा गळक्या गच्चीसारखा झाला. पण मला, का कोण जाणे, टाळी वाजवावीशी वाटली. नाही म्हणायची सोय असेल तरच ते विचारणं. नाहीतर ते कळवणं. कल्याणच्या यमुनेला चार दिवस कोणी दिले नव्हते. ठाण्याच्या एका मुलीलाही नाही.

(पाचव्या दिवशी होकार आला. पेढे सेक्रेटरींनीही खाल्ले.)

त्या रात्री मुलं खाली गेल्यावर आम्ही दोघं माळा गुंडाळत होतो. मी म्हटलं, "अगं, तेव्हा मी तुला विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

"आज विचारताय?"

"किल्ली आज मिळाली."

ही हसली. माळेची गुंडाळी करता करता म्हणाली, "दोन वर्षं थांबा म्हणाले असते. बी.एड.ला नाव लागलं होतं माझं."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या वह्या तपासून झाल्यावर उरलेल्या पानांवर हिने वाण्याचे हिशेब लिहिले, आणि मला हे माहीत नव्हतं. मी वर्गात गोपाळरावांची अट शिकवत होतो तेव्हा ही घरी माझा डबा भरत होती.

"मी थांबलो असतो का गं?"

"ते मी कसं सांगू? ते तुम्ही सांगायचं," ती म्हणाली आणि माळांची पिशवी माझ्या हातात दिली.

एवढी वर्षं मुलांना तोंडी परीक्षेत उभं केलं. त्या गच्चीवर मला उत्तर आलं नाही. ही जिना उतरायला लागली होती. गुडघा धरून, एकेक पायरी.

"चार दिवस दे," मी वरून म्हणालो.

"घ्या की," ती म्हणाली. "आणि कुलूप नीट लावा. किल्ली सकाळी परत द्यायचीय."