क्लॅरिनेट, कावेरीकाठचे

क्लॅरिनेट (बँडवाल्यांच्या तोंडी ‘क्लॅरोनेट’) : एकाच रीडचे, फुंकून वाजवायचे लाकडी वाद्य. १७०० च्या सुमारास न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने ते घडवले, असे मानतात. हिंदुस्थानात ते बँडांबरोबर आले. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कार. १७९८–१८३२) मराठी दरबारात पाश्चात्त्य बँड होता, तेव्हा कुंभकोणम-तंजावर पट्ट्यातल्या कानांना अशा वाद्यांचा आवाज अगदीच परका नव्हता. देवळापुढच्या ‘पेरिय मेळम’मध्ये नादस्वर (सनईच्या जातीचे वाद्य) आणि तविल (ढोल), तो उघड्यावरचा, दणदणीत मामला. नर्तकीमागे उभ्या राहणाऱ्या ‘चिन्न मेळम’ला मात्र मऊ सूर हवा होता. तिथे १९व्या शतकात मुखवीणेची (लहान फुंकवाद्याची) जागा क्लॅरिनेटने घेतली. याचे श्रेय नृत्यगुरू महादेव नट्टुवनार यांना देतात. चाव्यांच्या वाद्याचे सूर ठरलेले असतात, म्हणून ते गमकप्रधान, म्हणजे सुरांना हेलकावे देणाऱ्या, कर्नाटक संगीताला अपात्र, हा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. अडचण गमकांची नाही, शिकण्याच्या वाटेची आहे.

चावी म्हणजे पडदा नव्हे. क्लॅरिनेटची मुख्य भोके उघडीच असतात आणि बोटाच्या पेराने थेट झाकली जातात. बोट हळूहळू सरकवले, रीडवरचा ओठ सैल केला, की सूर एका जागेवरून दुसरीकडे वाहत जातो. गर्श्विनच्या १९२४ च्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’चा आरंभ अशाच लांबलचक मींडेने होतो, आणि तिथे कर्नाटक संगीताचा काही संबंध नाही. दक्षिणेतले वादक भोकांभोवती कड्या असलेल्या बोम पद्धतीपेक्षा जुनी, साधी आल्बर्ट पद्धत पसंत करतात, तीही बोट मोकळे राहावे म्हणूनच. खरी खोच नळीत आहे. नादस्वर व सनईची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, त्यामुळे जोर वाढवला की त्याच बोटांनी वरच्या सप्तकातला तोच सूर मिळतो. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी सरळ आहे. मंद्र सा ज्या बोटांनी वाजला, त्यांना डाव्या अंगठ्याची चावी जोडली की मध्य सा येत नाही, थेट त्याच्या वरचा पंचम येतो. म्हणजे एकच राग दोन सप्तकांत दोन वेगळ्या बोटांनी पाठ करायचा; आणि दोन्ही जिथे मिळतात तिथले सूर पातळ, हट्टी. नवशिक्याची वर्षे या सांध्यावर जातात.

यावर कोणी म्हणेल, हे साधले ते एका असामान्य माणसाला. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन (जन्म १९३१) यांचे नाव त्यासाठी घेतले जाते. पण त्यांचे शिक्षण पाहावे : आधी गायन, नादस्वर, मग क्लॅरिनेट. गमक गळ्यात आणि कानात बसले होते. वाद्याने ते फक्त बाहेर आणले. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती तिच्या अचल सुरांमुळे. तो न्याय क्लॅरिनेटला लागू पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वाद्य एवढे योग्य, तर नृत्याच्या साथीतून गेले का? त्याचे उत्तर सुरांत सापडत नाही. नर्तकींच्या जुन्या ‘सदिर’ नाचाचे भरतनाट्यम झाले, साथीदार बाजूला बसले, बासरी-व्हायोलिन आले, आणि क्लॅरिनेटला जुन्या ताफ्याचा वास चिकटला. नर्तकी बालसरस्वतींनी (१९१८–१९८४) ते आपल्या साथीत राखले. त्यांच्या रसिकांना ते खटकले नाही.

एक उणीव मात्र खरी. कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टैला नादस्वर घडवणारे कारागीर आहेत. अंजनाचे जुने, मुरलेले लाकूड ते वापरतात. क्लॅरिनेटचा असा गाव कावेरीकाठी नाही. नटराजन यांना २००८ चा संगीत कलानिधी मिळाला आणि २०२२ मध्ये पद्मश्री. नरसिंगमपेट्टैच्या नादस्वराला भौगोलिक मानांकन मिळाले तेही त्याच वर्षी.