मूत्रनलिकेची बंद वाट

ओटीपोटावरील शस्त्रक्रियेनंतर स्त्रीच्या मूत्राशयास विसांवा मिळावा म्हणून नळी घालतात. पण तीच नळी जंतूंची वाट होते. स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटर लांब. पूर्वीं नळीचें टोंक उघड्या भांड्यांत सोडीत. १९६६ सालीं अमेरिकेंत क्यूनिन व मॅक्कॉर्मॅक यांनीं दाखविलें कीं, नळी व पिशवी यांचा मार्ग अखंड बंद राखल्यास संसर्ग घटतो. तथापि नळी जितके दिवस राहील, तितका धोका वाढतोच. १९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत, दूरच्या खेड्यांतून येणाऱ्या स्त्रीस या इतिहासाचें सार मोलाचें आहे: हात स्वच्छ धुवावे, पिशवी मूत्राशयाखालीं टांगावी, जोड उघडूं नये, आणि गरज सरतांच नळी काढावी.