हायब्रिड मोटारीचे प्लग-इन रूपांतर

पेट्रोल किंवा डिझेल इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही साधने असलेल्या गाडीत जादा बॅटरी व चार्जर बसवून ती घरच्या विजेवर चार्ज करता येईल अशी करून घेणे, याला प्लग-इन रूपांतर म्हणतात. कारखान्यातून आलेल्या साध्या हायब्रिड गाडीची बॅटरी इंजिन चालताना आणि ब्रेक दाबल्यावर परत मिळणाऱ्या ऊर्जेतून भरते. बाहेरून वीज घेण्याची सोय तिच्यात नसते. त्यामुळे विजेवर कापलेले अंतरही शेवटी पंपावर भरलेल्या पेट्रोलचेच असते. रूपांतरानंतर रोजचे पहिले वीस-तीस किलोमीटर घरच्या विजेवर आणि पुढचा प्रवास पेट्रोलवर, अशी विभागणी होते. शिरूर आणि दौंड या तालुक्यांतल्या रोजच्या जाण्या-येण्याला ही विभागणी चांगली जुळते, आणि या कल्पनेवरचे देशातले एक महत्त्वाचे काम पुण्यातच झाले. म्हणून या नोंदीत या दोन बाजूंवर अधिक भर दिला आहे.

सगळा प्रश्न बॅटरीच्या आकाराचा आहे. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीतील बॅटरी 201.6 व्होल्टची, पण क्षमता अवघी 1.3 युनिट (1 युनिट म्हणजे 1 किलोवॉट-तास). भारतात 2022 पासून विकल्या जाणाऱ्या अर्बन क्रूझर हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारांत ती 0.76 युनिट आहे. एवढ्या साठ्यावर गाडी इंजिन बंद ठेवून फार लांब जाऊ शकत नाही. नुसता चार्जर लावून काही साधत नाही, साठाच वाढवावा लागतो. ज्या गाड्यांना माइल्ड हायब्रिड म्हणतात, उदाहरणार्थ 2015 पासूनची सियाझ एसएचव्हीएस, त्यांच्यातले छोटे यंत्र इंजिनाला हातभार लावते, पण एकटे गाडी ओढू शकत नाही. अशा गाडीचे प्लग-इन रूपांतर करण्यात अर्थ नाही, हे जुनी गाडी घेताना लक्षात ठेवलेले बरे. ‘हायब्रिड’ हे नाव स्ट्राँग आणि माइल्ड या दोन्ही प्रकारांना लावले जाते.

पहिले गाजलेले रूपांतर 2004 साली कॅलिफोर्नियात झाले. कॅलकार्स या स्वयंसेवी गटाने एका प्रियसमध्ये लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा जादा साठा बसवला. पुढे हायमोशन या कंपनीचा 5 युनिटचा लिथियम साठा तयार किट म्हणून मिळू लागला. त्याची किंमत सुमारे 10,000 डॉलर होती. तंत्र असे: जादा साठा डिकीत, स्टेपनीच्या आसपासच्या जागेत बसवायचा आणि मूळ बॅटरी भरलेली आहे असा संदेश गाडीच्या संगणकाकडे जाईल अशी व्यवस्था करायची. बॅटरी भरलेली दिसली की संगणक मोटरला जास्त काम देतो आणि इंजिन कमी चालते. मात्र वेग वाढला की प्रियसचे इंजिन सुरू व्हायचेच. ताशी 68 किलोमीटरच्या आसपास ते फिरवावे लागते, कारण त्याशिवाय गिअर यंत्रणेतली एक जनित्र-मोटर मर्यादेबाहेर फिरू लागते. म्हणजे गावातल्या संथ रहदारीत पूर्ण फायदा आणि हमरस्त्यावर अर्धा.

या कामातला खरा धोका 2008 साली दक्षिण कॅरोलायनात दिसला. रूपांतर केलेली एक प्रियस रस्त्यावर चालतानाच पेटली. तपासात दोष बॅटरीच्या रसायनात निघाला नाही, तर जोडणीत निघाला: वायरच्या टोकाची लग बोल्टने नीट आवळलेली नव्हती. सैल जोडावर रोध वाढतो, तिथे उष्णता साचते आणि शेजारचे इन्सुलेशन जळू लागते. त्यात डीसी करंट एसीसारखा दर क्षणी शून्यावर येत नाही, म्हणून एकदा ठिणगीची कमान धरली की ती सहज विझत नाही. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी रंगाच्या केबल हा धोका दाखवण्यासाठीच तशा असतात. गॅरेजमधल्या कोणत्याही कुशल फिटरला 12 व्होल्टच्या वायरिंगची सवय असते. 200 व्होल्ट डीसीला ती सवय पुरत नाही. टॉर्क पाना, इन्सुलेटेड हातमोजे आणि काम सुरू करण्याआधी सर्व्हिस प्लग काढणे, या तीन गोष्टींत तडजोड करू नये.

पुण्यातला प्रयत्न याहून धाडसी होता. जून 2010 मध्ये केपीआयटी कमिन्स या कंपनीने ‘रिव्होलो’ नावाचे किट जाहीर केले. उत्पादनासाठी भारत फोर्जशी भागीदारी ठरली. या किटसाठी मूळ गाडी हायब्रिड असण्याचीही गरज नव्हती. रस्त्यावर धावणाऱ्या साध्या गाडीलाच एका टप्प्यात प्लग-इन हायब्रिड करायचे होते. मोटर, बॅटरीसंच, नियंत्रक आणि इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पट्ट्याने जोडणारी यांत्रिक जुळणी, एवढ्यावर ते उभे होते. इंधनक्षमता 40 टक्क्यांहून अधिक वाढेल असा कंपनीचा दावा होता आणि किंमत 65,000 ते 1,50,000 रुपये सांगितली होती. क्रँकशाफ्टला जोडलेली मोटर इंजिन सोडून एकटी गाडी चालवू शकत नाही. उठाव घेताना आणि चढावर ती इंजिनाचा भार उचलते. म्हणून रिव्होलोत नुसत्या विजेवरचे किलोमीटर नव्हते, बचत होती ती शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीतली. नवी गाडी न घेता जुनीच सुधारायची, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो: महाराष्ट्रातल्या बहुसंख्य गाडीवाल्यांना तोच परवडणारा मार्ग होता.

किट तयार होते, पण ते बसवलेल्या गाडीला पासिंग देणारा नियम देशात नव्हता. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. सीएनजी आणि एलपीजी किटला स्वतंत्र नियमांनी वाट मिळाली होती, विजेच्या किटला ती नव्हती. हायब्रिड आणि विद्युत किट बसवण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत तरतूद झाली ती जून 2016 मध्ये, आणि तांत्रिक कसोट्या एआयएस-123 या मानकात आल्या. रिव्होलोच्या घोषणेनंतर मधे सहा वर्षे गेली होती. तोवर कंपनीचा मोर्चा बसकडे वळला होता. डिसेंबर 2015 मध्ये तिच्या तंत्राने विजेवर चालवलेली बस संसदेच्या आवारात पंतप्रधानांच्या हस्ते लोकसभेच्या तत्कालीन अध्यक्षा सुमित्रा महाजन यांच्याकडे सुपूर्द झाली. प्रवासी गाड्यांचे रिव्होलो मात्र घरोघरी पोचलेच नाही. नियम वेळेत आला असता तर पुणे जिल्ह्यातल्या गॅरेजांत आज सीएनजीच्या शेजारी विजेचे किटही बसवले जात असते, असे म्हणण्यास जागा आहे.

शिरूर–दौंडचा रोजचा प्रवास पाहिला की हे अधिक जाणवते. शिरूरहून रांजणगाव एमआयडीसी सतराएक किलोमीटर, दौंडहून कुरकुंभची रासायनिक वसाहत दहाएक किलोमीटर. 5 युनिटच्या साठ्यातले 4 युनिट वापरात घेतले आणि एका युनिटला 6 ते 7 किलोमीटर धरले, तर 24 ते 28 किलोमीटर विजेवर होतात. कुरकुंभची जाऊन-येऊन खेप त्यात बसते. रांजणगावला जाणे होते आणि परतीची निम्मी वाट. महिन्यातून दोनदा पुण्याला जायचे तर इंजिन आहेच, चार्जिंग स्टेशन शोधत बसावे लागत नाही.

पैशांचा हिशेब मात्र सावधपणे करावा. स्ट्राँग हायब्रिड आधीच लिटरला 20 किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणून 25 किलोमीटरला पेट्रोलचे साधारण सव्वाशे रुपये वाचतात आणि चार्जिंगमधली गळती धरून पावणेपाच युनिट वीज लागते. निव्वळ बचत दिवसाला 50 ते 70 रुपये, वर्षाला साधारण वीस हजार. हायमोशनच्या किमतीचे किट या बचतीतून गाडीच्या आयुष्यात फिटत नाही. शिवाय घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. गाडीचे महिन्याचे शंभर-सव्वाशे युनिट जोडले की घर सहज वरच्या टप्प्यात जाते आणि वाढीव दर त्याच युनिटांना लागतो. छतावर सोलर असलेल्या घराचे गणित वेगळे पडते.

विजेच्या जोडणीकडे बारकाईने पाहावे लागते. 16 अँपिअरच्या प्लगवर दोन-अडीच किलोवॉटचा भार सलग दोन-तीन तास चालतो. मिक्सर किंवा इस्त्री एवढा वेळ चालत नाही, त्यामुळे जुन्या वायरिंगचा सैलपणा इथेच उघड होतो. वस्तीवरच्या अनेक घरांत तिसऱ्या पिनमागे वायर असते, पण जमिनीतला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो; चार्जर अशा ठिकाणी सुरूच होत नाही, आणि तो सुरू होत नाही हेच योग्य आहे. वायरमनकडून अर्थिंग तपासून, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी टाकूनच चार्जरचा पॉइंट काढावा. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणे हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून जाताना उडणारी धूळ हीसुद्धा इथली खास अडचण आहे. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड करणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत ओढली जाते. ती जाळी आणि तिचा फिल्टर तुंबला की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. जादा साठा बसवल्यावर ही काळजी दुप्पट.

रूपांतराला सर्वांत मोठा पर्याय शिरूर तालुक्यातच तयार झाला. रांजणगावच्या फियाट–टाटा संयुक्त कारखान्यातून टाटा नेक्सॉन ईव्ही बाहेर पडू लागली. जानेवारी 2020 मध्ये ती बाजारात आली तेव्हा तिची बॅटरी 30.2 युनिटची होती, म्हणजे हायमोशनच्या साठ्याच्या सहापट. नवी गाडी घेणाऱ्याला रूपांतराची गरज त्यानंतर उरली नाही. घरात धडधाकट हायब्रिड उभी आहे आणि ती विकायची नाही, अशांपुरताच हा विषय आता राहिला आहे.

त्यांच्यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने त्याच मॉडेलसाठी मंजूर केलेले किट, ते उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातूनच बसवणे आणि नंतर आरसीवर बदलाची नोंद. दौंडच्या गाडीमालकाला त्यासाठी बारामतीच्या परिवहन कार्यालयात (एमएच-42) जावे लागते, शिरूरच्या मालकाला पुण्याच्या (एमएच-12). विमा कंपनीलाही लेखी कळवावे. नोंद नसलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडतो. मॉडेलसाठी मंजूर किटच नसेल, तर मूळ बॅटरी आणि तिचा फिल्टर सांभाळत गाडी आहे तशी चालवावी, पण डिकीत हाताने जोडलेला साठा बसवू नये.